तपासलं, फरक नाही

सोमवार, ५ जुलै २०२१

विनीताने ही वही टेबलावर आपटली. "दिवसभर स्क्रीनवर खेकसतोस, त्यापेक्षा यात खेकस." तिच्या बँकेने जानेवारीत वाटलेली वही, सहा महिने कोरीच पडून होती. लॉकडाऊनचा दहावा दिवस. सिडनीत, पॅरामॅटातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये विनीताची बँक बेडरूममध्ये, सुट्टी लागलेली नुपूर आयपॅडसकट हॉलमध्ये आणि मी स्वयंपाकघरात, कुकरच्या शेजारी.

बाबा काय काम करतो असं नुपूरला विचारलं तर ती सांगते, "ही चेक्स लिस्ट्स." अपमानच आहे, पण खरा. वेस्टमीडजवळच्या एका खासगी लॅबमध्ये कोविडच्या टेस्ट होतात. निकालांची यादी लॅबच्या सिस्टिममधून निघते. मग लोडर नावाचा आमचा प्रोग्रॅम ती एसेमेस पाठवणाऱ्या कंपनीकडे धाडतो. संध्याकाळी कंपनी उलट यादी पाठवते की बाबा, अमक्या-अमक्यांना मेसेज गेले. सहा वाजता मी माझी स्क्रिप्ट चालवतो. ती दोन्ही याद्या एका क्रमात लावते आणि मग डिफ नावाची एक जुनी कमांड ओळीला ओळ लावून बघते. एका यादीत आहे आणि दुसरीत नाही अशा ओळीपुढे बाण येतो. बाण आला म्हणजे त्या माणसाला मेसेज गेलेला नाही. मग आमची माणसं त्याला फोन करतात. फरक नसेल तर डिफ चकार शब्द काढत नाही. "सगळं छान" एवढंसुद्धा म्हणत नाही. मला तिचा हा स्वभाव फार आवडतो.

नंतर ऑफिसच्या नोंदवहीत मी लिहितो, "तपासलं, फरक नाही," आणि पुढे माझं नाव.

अठरा वर्षांत माझ्या तपासणीतून काही सुटलेलं नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने म्हटलं की विनीता डोळे फिरवते.

बुधवार, १४ जुलै

लोडर आता मंजिरी सांभाळते. एकोणतीस वर्षांची, कराडची. दोन हजार वीसच्या जानेवारीत आली आणि दोन महिन्यांत जग बंद झालं. हॅरिस पार्कला एकटी राहते, बरोबरची मुलगी कधीच भारतात परतली. मला शैलेंद्रदादा म्हणते. मॅनेजर ग्लेनसमोरसुद्धा. ग्लेनला वाटतं ते माझं आडनाव आहे.

आज तिला डिफ शिकवली. बाण डावीकडे वळला तर काय, उजवीकडे वळला तर काय. वर एक मंत्रही दिला: कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी प्रत काढायची आणि नावात तारीख टाकायची. तिने लिहून घेतलं. हल्लीच्या मुलांत लिहून घेणारं कोणी भेटत नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवार, २१ जुलै

आजचा दिवस उकिरड्यात गेला. कार पार्कमध्ये नवं ड्राइव्ह-थ्रू टेस्टिंग सुरू झालंय, त्यासाठी मंजिरीने लोडरमध्ये बदल केले. मला माझ्या स्क्रिप्टमध्ये बदल करून बघायचे होते, तर कंपनीची यादीच येईना. फोन केला तर तिकडचा गडी म्हणतो, "दिस आर्वो, मेट." त्याची दुपार कधी होते देव जाणे! नुपूरची शाळा सुरू, तिचं इंटरनेट अडकलेलं, कुकर शिट्ट्या मारतोय.

शेवटी एक तात्पुरती ओळ टाकली. निकालांच्याच यादीची प्रत काढायची आणि तिला कंपनीच्या यादीचं नाव द्यायचं. पुढची स्क्रिप्ट चालते की नाही एवढंच बघायचं होतं. चालली. ओळ लगेच काढणार तेवढ्यात नुपूर ओरडली, "बाबा, द राइस इज बर्निंग!"

सहाला डिफ गप्प. तपासलं, फरक नाही.

शुक्रवार, २३ जुलै

मंजिरीने माझी स्क्रिप्ट वाचायला मागितली. म्हटलं, घे, चाळीस ओळी आहेत, गीता नव्हे. तिने आधी तारीख टाकून प्रत काढली आणि मला स्क्रीन दाखवला. गुणी पोरगी.

एरवी रोज चार-पाच बाण असतात, कोणी ना कोणी फोन नंबर चुकीचा देतंच. तीन दिवस एकही नाही. लोक शहाणे झाले बहुतेक.

रविवार, २५ जुलै

कचरा टाकायला खाली गेलो तर वरच्या मजल्यावरचे विलासकाका भेटले. मुलाकडे म्हणून आले आणि सीमा बंद झाल्यावर इथेच अडकले. मुलगा पर्थला बदलून गेला, काका-काकू राहिले. गुरुवारी त्यांनी नव्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये टेस्ट केली. काकूंची केली नाही, त्यांना काही होत नव्हतं.

"अरे, तुमच्याच लॅबचा मेसेज अजून नाही आला. फोन लावला तर अर्धा तास गाणी ऐकवतात."

मी म्हटलं, "काका, रोज संध्याकाळी मी स्वतः तपासतो. मेसेज राहिला असता तर मला दिसला असता. निगेटिव्ह असणार, फोनमध्येच कुठेतरी अडकला असेल. बिनधास्त राहा."

"तू म्हणतोस म्हणजे झालंच," काका म्हणाले.

बुधवार, २८ जुलै

लिहितोच.

सकाळी आरोग्य खात्याचा ग्लेनला फोन आला. आमच्याकडच्या पॉझिटिव्ह लोकांना त्यांनी फोन केले, तर कित्येकांना आपण पॉझिटिव्ह आहोत हेच माहीत नाही. सगळे नव्या ड्राइव्ह-थ्रूचे. तिथल्या नमुन्यांचा सांकेतिक क्रमांक वेगळ्या अक्षराने सुरू होतो आणि मंजिरीच्या लोडरने ते नमुने चुपचाप गाळले. ही तिची चूक. पण अशा चुका होतात, म्हणून तर तपासणी असते. म्हणून तर मी असतो.

स्क्रिप्ट उघडली. सतरावी ओळ. माझी तात्पुरती ओळ, जशीच्या तशी. आठवडाभर मी एका यादीची तिच्याच प्रतीशी तुलना करत होतो. स्वतःच स्वतःशी जुळवून बघितल्यावर फरक कुठून येणार? आणि मी रोज नाव लिहीत होतो.

ओळ काढली आणि गेल्या बुधवारपासूनच्या याद्यांवर स्क्रिप्ट परत चालवली. स्क्रीन बाणांनी भरला. त्रेसष्ट माणसं, त्यांतली अकरा पॉझिटिव्ह.

मग मी स्क्रिप्ट तशीच, ओळ नसलेली, जतन केली आणि जुनी पुसून टाकली. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. अठरा वर्षं जगाला प्रत काढायला सांगतोय आणि आज प्रत न काढता पुसली.

साडेचारला फोन करायच्या यादीत विलासकाकांचं नाव होतं. मी दुसऱ्याला करायला लावला.

गुरुवार, २९ जुलै

व्हिडिओवर मीटिंग झाली. ग्लेन, एचआरची एक बाई, मंजिरी आणि मी. मंजिरीने सुरुवातीलाच सांगितलं, "लोडरने नमुने गाळले, ती माझी चूक."

ग्लेनने मला विचारलं, "मेट, तुझी तपासणी तर क्लीन होती ना?"

इथे मी खरं सांगू शकलो असतो. एक वाक्य होतं. त्याऐवजी मी म्हणालो, निकालांची यादी लोडरमधून पुढे आल्यावर माझ्याकडे येते, त्यामुळे लोडरने जे गाळलं ते माझ्या यादीतही नव्हतं, मग तुलना कशाची करणार? सफाईदार इंग्रजीत म्हणालो. साफ खोटं. यादी थेट लॅबच्या सिस्टिममधून येते. ग्लेनला हे कळत नाही, आणि त्याला कळत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

मंजिरी म्हणाली, "पण लिस्ट तर..." आणि थांबली. तिच्या चौकोनात ती खाली बघत होती. मी वाट बघितली. पुढे काहीच बोलली नाही. घाबरली असावी बिचारी.

लाज वाटते. कुणाची हे लिहायलाही लाज वाटते.

शुक्रवार, ३० जुलै

दुपारी मंजिरीचा कॉल. "शैलेंद्रदादा, तुमच्या स्क्रिप्टमध्ये हल्ली काही बदललंय का?"

"नाही गं. का?"

"सहजच. शिकतेय ना." मग म्हणाली, "नक्की नाही ना?"

"नक्की नाही."

"ठीक आहे दादा."

इतक्या टेन्शनमध्येही शिकायची हौस आहे पोरीला.

रविवार, १ ऑगस्ट

एकटं राहणाऱ्यांना आता एक माणूस घरी बोलवायची मुभा मिळाली. मंजिरीने विनीताचं नाव दिलं. माझी बायको भाजणीचं थालीपीठ घेऊन तिच्याकडे गेली आणि मी सिंक घासत बसलो. इतकं घासलं की नुपूर बघायला आली. "बाबा, आर यू इन ट्रबल?"

संध्याकाळी अँब्युलन्स आली. विलासकाकांच्या सुहासिनीकाकूंसाठी. काका पॉझिटिव्ह आहेत हे कळेपर्यंत चार-पाच दिवस दोघं एकाच ताटातली भेळ खात होते, एकाच पांघरुणात सिरियल बघत होते. मी बिनधास्त राहा म्हटलं होतं. काका बाल्कनीतून हात हलवत होते, त्यांना बरोबर जायची परवानगी नव्हती. मी पडद्यामागे उभा होतो.

बुधवार, ११ ऑगस्ट

मंजिरीचं काँट्रॅक्ट तीस सप्टेंबरला संपतं. पुढे वाढवणार नाहीत. ग्लेनने मला आधी सांगितलं, जणू मी घरातला मोठा. तिचा व्हिसा या नोकरीवर आहे. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाही तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. आणि सीमा बंद असताना इथून एकदा गेलं की परत येणं नाही. माझ्याकडे पासपोर्टच इथला आहे. मला फार तर ओरडा बसला असता.

तिने लोडर दोन तासांत दुरुस्त केला होता, हेही कुणी विचारात घेतलं नाही. मी घ्यायला लावू शकलो असतो.

मी तिच्यासाठी उत्तम शिफारसपत्र लिहून देईन. लिहायलाही घेतलं. "अत्यंत प्रामाणिक" या शब्दांपाशी थांबलो.

शनिवार, २८ ऑगस्ट

रात्री नऊनंतर संचारबंदी, बाहेर फिरायला तासभर, डोक्यावर हेलिकॉप्टर. विनीता मंजिरीकडून आली ती बोललीच नाही. जेवताना म्हणाली, "तुझी ती डिफ. फरक नसला की गप्प बसते ना?"

"हो."

"आणि फरक असून गप्प बसली तर?"

"तसं होत नाही. तिला चुकीच्या फाइली दिल्या तरच."

"अच्छा," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. बायकोला अठरा वर्षांनी माझ्या कामात रस वाटला, तर मला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं. तिला काय माहीत असणार?

शुक्रवार, १० सप्टेंबर

गणपती. नुपूरने प्ले-डोचा केला, निळा. विनीता म्हणाली, आरती तू म्हण. दोन कडवी म्हटली आणि पुढे आवाजच फुटेना. खोकल्याचं नाटक केलं, तर नुपूर तीन फूट मागे सरकली.

काकू काल घरी आल्या. बत्तीस किलोमीटर चालून आल्यासारख्या दमतात खोलीतल्या खोलीत. तरी काकांच्या हाती माझ्यासाठी पंचखाद्य पाठवलं. काका दारातून म्हणाले, "त्या दिवसांत तू धीर दिलास रे." मी डबा घेतला. थँक्यू म्हणालो! आपण काय करतोय हे कळत असून मी थँक्यू म्हणालो.

विनीता मोदक घेऊन मंजिरीकडे गेली होती. परतल्यावर म्हणाली, "वीस दिवस राहिले तिचे."

"माहितीय."

"माहितीय ना? मग झालं."

सोमवार, २० सप्टेंबर

सांगितलं. सकाळी पोहे न खाताच ग्लेनला कॉल केला आणि सगळं ओकलो. सतरावी ओळ, पुसलेली स्क्रिप्ट, मीटिंगमधलं खोटं. कागदावर लिहून घेतलं होतं, पाऊल मागे येऊ नये म्हणून.

ग्लेन ऐकत राहिला. मग म्हणाला, "शैलेंद्र, यू आर अ गुड ब्लोक." भला माणूस, असं का ते मला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं की मी मंजिरीला वाचवायला हे अंगावर घेतोय! आपल्या लोकांत एकमेकांना सांभाळून घेतात हे त्याला माहीत आहे म्हणे, आणि त्याला त्याचं कौतुकच आहे. पण एचआरला पुरावा लागेल. जुनी स्क्रिप्ट आहे का? नाही. त्या दिवसांच्या याद्या? तीस दिवसांनी पुसल्या जातात. बॅकअप? दोन आठवड्यांचा.

"देन आय कान्ट डू मच, मेट. बट गुड ऑन यू."

माझ्या चांगल्या नावामुळे माझी चूक कोणी खरी मानेना. रडावं की हसावं! मी फोन ठेवून कुकरकडे बघत बसलो.

मग तेवीस जुलै आठवली. तारीख टाकून काढलेली प्रत. ती जगात एकाच माणसाकडे आहे.

मंगळवार, २१ सप्टेंबर

नंबर तीनदा काढला आणि तीनदा ठेवला. ग्लेनला सांगणं सोपं होतं, तो मला दादा म्हणत नाही. चौथ्यांदा मेसेज केला, "उद्या पार्कात चालायला येशील? बोलायचंय." तिचं उत्तर लगेच आलं, "हो." एवढंच.

बुधवार, २२ सप्टेंबर

पॅरामॅटा पार्क. दोघांनी व्यायामाला बाहेर पडायची मुभा आहे, म्हणून चालत राहायचं. तोंडाला मास्क होता ते बरं झालं.

मी म्हटलं, "मंजिरी, ती चूक सापडायला हवी होती. मला. मी स्क्रिप्टमध्ये..."

"सतरावी ओळ," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो. मागून एक जॉगर शिवी हासडून गेला.

"चला दादा, थांबता येत नाही." ती पुढे झाली. "अठ्ठावीसलाच संध्याकाळी माझ्याकडची प्रत आणि तुमची नवी फाइल डिफला लावली. एकच ओळ आली. तुम्हीच शिकवलं होतं ना, डावा बाण म्हणजे आधी होतं, आता नाही."

"मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस? फाइल का दाखवली नाहीस?"

"दाखवली असती तर ग्लेनने तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही आणखी काहीतरी टेक्निकल बोलला असता. त्याने कुणाचं ऐकलं असतं?" चिडून नव्हे, बसचं टाइमटेबल सांगावं तसं म्हणाली. "म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्हालाच विचारलं. दोनदा विचारलं."

दोनदा. "नक्की नाही ना?" ते शिकण्यासाठी नव्हतं तर. आणि मी या वहीत काय लिहून ठेवलंय, पोरीला हौस आहे म्हणून! गाढव आहे मी.

"आईला अजून सांगितलेलं नाही मी," ती म्हणाली. "ती शेजारणीला सांगत असते, आमची मंजू ऑस्ट्रेलियात सेटल झाली." आणि मग तिचा आवाज गेला. दोन बाकं मागे जाईपर्यंत आम्ही नुसते चाललो.

मी म्हटलं, "माफ कर." फार लहान शब्द आहे. दुसरा नव्हता.

"एचआरला मेल लिहून ठेवलाय," ती म्हणाली. "एकोणतीसला पाठवणार होते. तोपर्यंत वाटत होतं की तुम्ही सांगाल. रोज सहा वाजता वाटायचं."

"ती प्रत मला देशील?"

"देते. पण कॉलवर मी असणार."

निघताना म्हणाली, "विनीताताई ऑगस्टमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांना सांगितलं मी. रडायला कोणीतरी हवं होतं."

घरी आलो. विनीता कणीक मळत होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तू माझ्या भीतीने सांगितलं असतंस. मग पुढची वीस वर्षं मला तुझ्यामागे डिफ लावत फिरावं लागलं असतं." आणि मग कणकेच्या हातानेच डोळे पुसले तिने. "सात आठवडे, शैलेंद्र. मी त्या पोरीकडे तोंड वर करून बसू शकत नव्हते."

शुक्रवार, २४ सप्टेंबर

कॉल. ग्लेन, एचआरची बाई, मंजिरी, मी. मी स्क्रीन दाखवला. डावीकडे मंजिरीची तेवीस जुलैची प्रत, उजवीकडे माझी अठ्ठावीसची. कमांड टाइप करताना तीनदा चुकलो. अठरा वर्षांत ही कमांड मी कधी चुकलो नव्हतो.

एंटर दाबलं. एक ओळ, एक डावा बाण.

"व्हॉट अॅम आय लुकिंग अॅट?" ग्लेन म्हणाला.

मी सांगितलं. ही ओळ मी टाकली, मीच पुसली, आणि एकोणतीस जुलैला तुला खोटं सांगितलं. या वेळी टेक्निकल एक शब्द वापरला नाही. ग्लेन "गुड ब्लोक" म्हणाला नाही. मग मंजिरीला "आय ओ यू अॅन अपॉलॉजी" म्हणाला. तिने मान हलवली. माझ्याकडे तिने बघितलं की नाही ते कळलं नाही, कॉलवर कोण कुठे बघतंय ते कळत नाही.

सहाची तपासणी आजपासून माझ्याकडे नाही.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

काल शहर उघडलं. नुपूरला केस कापायला रांग लावायची आहे.

मंजिरीचं काँट्रॅक्ट एक वर्षाने वाढलं. तिने विनीताला कळवलं, मला नाही. मला लेखी ताकीद आली आणि सर्व्हरच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, काढून घेतल्या. तिची दोन महिन्यांची झोप मी काढून घेतली, त्याबद्दल तिला कोणाचं पत्र आलं नाही.

आज जिना चढून विलासकाकांकडे गेलो. काकू आत झोपल्या होत्या. काकांना सांगितलं, तुमचा मेसेज का आला नाही, आणि मी बिनधास्त राहा का म्हणालो. काका खुर्चीचा हात चोळत राहिले. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, तयारीनेच गेलो होतो.

"हिला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिचा तुझ्यावर फार जीव आहे. आता या वयात तिचं ते मोडायला नको."

तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली, "शैलेंद्र आलाय का? त्याला वड्या द्या हो." काकांनी उठून वड्यांचा डबा आणला. माझ्याकडे न बघता समोर ठेवला. मी दोन खाल्ल्या. नारळाच्या होत्या.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

नवी सहकारी आली, चारुता. मेलबर्नला क्लेटनहून काम करणार. दोन पोरांना शाळेत सोडून नऊला लॉगिन होते. तपासणीचं काम मंजिरी तिला सोपवते आहे. मंजिरी आता लोडरची मुख्य आहे. मला कॉलवर शैलेंद्र म्हणते, कामापुरतं, व्यवस्थित. दादा गेला. मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?

दुपारी चारुताचा कॉल आला. "शैलेंद्र, ती तपासणीची स्क्रिप्ट वाचतेय. डिफच्या आधी एक तपासणी घातलीय, दोन याद्या म्हणजे एकच फाइल तर नाही ना ते बघायची. एकच असेल तर स्क्रिप्ट थांबते. इतकी वेडेपणाची चूक कोण करेल? आणि वर मंजिरीने टीप लिहिलीय."

"काय लिहिलंय?"

"ही तपासणी काढू नका. का, ते शैलेंद्रला विचारा."

मला वाटलं, ही टीप काढता आली तर. पण सर्व्हरच्या किल्ल्या माझ्याकडे नाहीत. मंजिरीकडे आहेत. ती स्क्रिप्ट दहा वर्षं चालेल. जो नवा येईल तो उघडेल, वाचेल आणि मला फोन करेल.

"हॅलो?" चारुता म्हणाली. "बिझी असशील तर मंजिरीलाच विचारते."

"नको, तिला नको," मी म्हटलं. हॉलमधून विनीता ऐकत होती. मी कॅमेरा सुरू केला. "जुलैमध्ये मी एक ओळ टाकली होती."